सोमवार-गुरुवारची पेरणी: द्विशिक्षकी शाळेच्या परसबागेचं प्रकरण

पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा, मराठवाड्यातल्या कमी पावसाच्या पट्ट्यातली. पटावर ६० मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणून शाळा द्विशिक्षकी. पोषण आहारासाठी दोन स्वयंपाकी-मदतनीस ताई, कारण पहिल्या २५ मुलांमागे एक आणि २६ ते १०० पटापर्यंत दोन असा नियम आहे. शाळेमागे एक गुंठा मोकळी जागा, तीही मुरमाची भर टाकून सपाट केलेली. पाण्याला हातपंप. आजूबाजूची शेतं कापूस-सोयाबीनची, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरीही भाजी बाजारातून येते. काही घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात.

हे एका विशिष्ट शाळेचं वर्णन नाही. या पट्ट्यातल्या छोट्या शाळांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एका जागी मांडलं आहे, म्हणजे हिशेब शेवटपर्यंत नेता येतो.

अशा शाळेत परसबाग होतेच. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून तर बहुतेक ठिकाणी होते. जुलैत सरपंचांच्या हस्ते उद्घाटन, सगळे वाफे एकाच दिवशी पेरलेले, नावांच्या पाट्या, फोटो. ऑगस्टच्या मध्यावर भाजीच भाजी. दिवाळीच्या सुट्टीत शेळ्या शिरतात. डिसेंबरात पाट्या उरतात आणि पुढच्या जुलैत सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोष मातीला दिला जातो, पाण्याला दिला जातो, मुलांना आवड नाही असंही म्हटलं जातं. खरी चूक बहुतेक वेळा पेरणीच्या दिवशीच झालेली असते.

ताटापासून उलटा हिशेब

पीएम पोषण योजनेत, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलाच्या एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. त्यासाठी दरडोई १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. तांदूळ आणि कडधान्य शाळेला पोचतं. भाजी गावपातळीवर घ्यायची असते, आणि ती कांदा-बटाटा-टोमॅटोवर येऊन थांबते, कारण ते टिकतं आणि रोज मिळतं. परसबागेने भरून काढायची जागा हीच: हिरवी पालेभाजी.

६० मुलं गुणिले ५० ग्रॅम म्हणजे एका दिवसाला ३ किलो निवडलेली भाजी. कमी पोताच्या जमिनीत, मुलांच्या हातून, एका चौरस मीटरला एका कापणीत साधारण एक किलो पाला धरावा. मुळं, जाड देठ, किडका पाला यात पाव भाग जातो. उरतं पाऊण किलो. म्हणजे ३ किलोसाठी ४ चौरस मीटरचा एक वाफा: १ मीटर रुंद, ४ मीटर लांब. रुंदी एक मीटरच ठेवायची. मूल उकिडवं बसून दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचवू शकतं, वाफ्यात पाय टाकावा लागत नाही आणि माती दबत नाही.

असे दहा वाफे, मध्ये अर्ध्या मीटरच्या वाटा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. वाफे आणि वाटा मिळून त्यातली जेमतेम ७० चौरस मीटर जागा जाते. उरलेल्या जागेत खताचा खड्डा, कुंपणालगतचे वेल आणि कोपऱ्यात झाडं बसतात.

हे दहाही वाफे एकाच दिवशी पेरले तर महिन्याभराने एकाच आठवड्यात ३० किलो भाजी तयार होते. रोज पालेभाजी केली तरी शाळेला सहा दिवसांत १८ किलोच लागते, आणि रोज कोणी करत नाही. पालेभाजी दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. उरलेली वाटली जाते, जून होते, फुलावर जाते. पुढचा महिनाभर कापायला काहीच नसतं, आणि कापायला काही नसलेल्या वाफ्याला कोणी पाणी घालत नाही. बाग तिथेच मरते. शेळ्या नंतर येतात.

उपाय साधा आहे. दर सोमवारी एक वाफा पेरायचा, दर गुरुवारी एक. पाच आठवड्यांत दहा वाफे होतात. सहाव्या आठवड्याच्या सोमवारी पहिला वाफा कापायचा, माती हलवून खत घालून तिथेच पुन्हा पेरायचं. कापलेली भाजी मंगळवारी आणि शुक्रवारी शिजते. शाळेचे किमान २०० कामाचे दिवस धरले तर वर्षाला ६०० किलो भाजी लागेल. आठवड्याला दोन वाफे सुमारे ३५ आठवडे चालले तर त्यातली २१० किलो बागेतून येते. काही वाफे वाया जाणारच, तेव्हा १५० किलो आले तरी हिशेब बरोबर आहे असं समजावं. परसबागेने शाळेची सगळी भाजी पुरवावी ही अपेक्षाच चुकीची. तिच्यापायी चांगल्या चाललेल्या बागा ‘अयशस्वी’ ठरवल्या जातात.

कोणता वाफा कशाचा

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. पावसाळ्यात मेथी पेरू नये, सततच्या ओलीत ती कुजते. जून ते सप्टेंबर तांदुळजा, अंबाडी, चवळीचा पाला आणि कुंपणावर मायाळू. सप्टेंबरच्या अखेरीपासून मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा. फेब्रुवारीनंतर पुन्हा तांदुळजा.

एका वाफ्याला मेथीचं १५ ते २० ग्रॅम बी, पालकाचं ६ ते ८ ग्रॅम, कोथिंबिरीसाठी ३० ग्रॅम धणे. धणे चपलेखाली किंवा फळीखाली रगडून दोन फाकी करायचे आणि रात्रभर भिजवायचे. अख्खे पेरले तर उशिरा आणि विरळ उगवतात. तांदुळज्याचं बी फार बारीक. वाफ्याला एक-दोन ग्रॅम पुरतं आणि ते दोन ओंजळी कोरड्या वाळूत मिसळूनच टाकावं. नाहीतर मुठीतून एका जागी पडतं, गुच्छ उगवतो आणि बाकी वाफा मोकळा. पेरल्यावर वाळकं गवत पातळ पसरायचं, उगवण दिसताच त्याच संध्याकाळी काढायचं. गवत नसेल तर एका जोरदार सरीने बी वाहून जातं किंवा मातीवर पापडी धरून कोंब अडकतात.

तांदुळजा आणि मेथी चार-पाच आठवड्यांत कापणीला येतात. पालकाची पहिली कापणी ३५ ते ४० दिवसांनी, मग जमिनीपासून दोन बोटं वर कापत गेलं की दर १५-२० दिवसांनी पुन्हा मिळतो. त्यामुळे पालकाचे वाफे फेऱ्यात फार बसवू नयेत. दहात दोन पुरेत.

मुरमावर पहिल्या वर्षी मेहनत जास्त आहे. टिकावाने एक फूट खोदून खडे वेचायचे, गाळाची किंवा शेताची माती अर्धी मिसळायची, वाफ्याला २० ते २५ किलो, म्हणजे दोन घमेली भरून, कुजलेलं शेणखत. पुढे प्रत्येक पेरणीला ८-१० किलो. खत किमान तीन महिने कुजलेलं हवं. ताज्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, तण येतं, आणि पालेभाजी जमिनीलगत असल्यामुळे पोट बिघडवणारे जंतूही तिच्यावर जातात. पावसाळ्यात गादीवाफा वीतभर उंच, हिवाळ्यात सपाट, म्हणजे पाणी वाया जात नाही.

पाणी

हिवाळ्यात चौरस मीटरला दिवसाला ४ लिटर धरलं तर ४० चौरस मीटरला १६० लिटर. तिसरी ते पाचवीची सुमारे ३६ मुलं. सहा-सहांचे सहा गट, आठवड्यातला एक वार एका गटाचा. झारी ५ लिटरची. दहा लिटरची बादली नऊ वर्षांच्या मुलाला झेपत नाही, सांडते आणि पाठ दुखते. १६० लिटरला ३२ झाऱ्या, म्हणजे प्रत्येकी पाच-सहा खेपा. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पहिली-दुसरीने पाणी वाहायचं नाही.

हात आणि ताटं धुण्याचं पाणीही बागेच्या कामी येतं. मुलामागे २ लिटर धरले तरी १२० लिटर होतं. मात्र दोन्ही पाणी वेगळं ठेवावं. हात धुतलेलं पाणी सरीतून वाफ्याच्या कडेला, पाल्यावर कधीच नाही. ताटांचं पाणी तेलकट आणि शितांचं असतं; ते वाफ्यात गेलं की मुंग्या आणि उंदीर लागतात. ते केळी-पपईच्या आळ्यात सोडावं, मध्ये खडी-वाळूचा छोटा खड्डा करून.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. कापसाच्या पट्ट्यात औषधाचे रिकामे कॅन घरोघर असतात आणि मुलं पाणी घालायला तेच घेऊन येतात. धुतले तरी ते सुरक्षित होत नाहीत. शाळेच्या फाटकाच्या आत असा एकही कॅन येता कामा नये, आणि पालकांनी प्रेमाने आणून दिलेलं उरलेलं कीटकनाशकही नाही. मावा किंवा अळी दिसली तर आधी हाताने वेचणं, मग ५ टक्के निंबोळी अर्क: १० लिटरला ५०० ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून गाळून, त्यात १०-२० ग्रॅम साबण. फवारणी मोठ्या माणसाने, ऊन उतरल्यावर. कापणीला आठवडा राहिला असेल तर नाही, कारण भाजी कडवट लागते आणि मुलांनी एकदा थुंकली की महिनाभर त्या भाजीला हात लावत नाहीत.

स्वयंपाकघराशी बोलल्याशिवाय बी टाकू नये

तीन-चार किलो मेथी निवडायला दोघींना तासभर सहज लागतो, आणि त्यांना ११च्या आत भात उतरवायचा असतो. बागेतली भाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन पडून राहते त्याचं कारण बहुतेक हेच. म्हणून कोणती भाजी, किती, कोणत्या वारी, हे ताईंनी ठरवायचं. सुरुवातीला निवडायला सोपा तांदुळजा घ्यावा. कापणी आदल्या दिवशी दुपारी, चौथी-पाचवीच्या मुलांकडून. मुळं तिथेच तोडून खताच्या खड्ड्यात. पाला ओल्या सुती कापडात सावलीत. सकाळी तीन पाण्यांनी धुवायचा, तिसऱ्या पाण्याच्या तळाशी माती दिसली तर चौथ्यांदा. चिरण्याआधी धुवायचा, चिरून धुतला तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात.

मुलं खिचडीतली पानं वेचून ताटाच्या कडेला लावतात. पानं मोठी असली तर हमखास. बारीक चिरून वरणात घोटलेला पालक किंवा फोडणीत परतून भातात मिसळलेला तांदुळजा खाल्ला जातो. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा ती तोंडात जावी लागते. दोनदा नाकारली म्हणून भाजी बदलू नये. सुरुवातीला ५० ऐवजी २० ग्रॅम वाढलं तरी चालेल.

लोहाबद्दल मुलांना खरं तेच सांगावं. पालकाच्या लोहाची कीर्ती मोठी, पण पालकात लोहाला बांधून ठेवणारं ऑक्झॅलेटही भरपूर, त्यामुळे त्यातलं फार थोडं अंगी लागतं. वनस्पतीतलं लोह शरीरात जायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते आणि शिजवताना हे जीवनसत्त्व बरंचसं जातं. म्हणून वाढताना लिंबू: एका लिंबाच्या सहा फोडी, ६० मुलांना दहा लिंबं. जेवणाला लागून चहा नको, तो उलटं काम करतो. गाजर, पालक, शेवग्याच्या पाल्यातलं ‘अ’ जीवनसत्त्वाचं द्रव्य तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही, तेव्हा भाजी नुसती उकडून वाढू नये. दरडोई ५ ग्रॅम तेल त्यासाठीही आहे.

तरीही परसबाग रक्तक्षय बरा करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के बालकं रक्तक्षयी आढळली. तीच मुलं पुढे पहिलीत येतात. पाचवीपर्यंतच्या मुलांना आठवड्याला द्यायची लोह आणि फॉलिक ॲसिडची गुलाबी गोळी आणि वर्षातून दोनदाची जंतनाशक गोळी चुकू द्यायची नाही. अनवाणी पायांनी ओल्या मातीत काम केल्याने हुकवर्म हा रक्त शोषणारा जंत तळव्यातून आत शिरतो, म्हणजे बागच रक्त कमी करायला कारण ठरू शकते. वाफ्यावर चपलेशिवाय जायचं नाही, बाहेर आल्यावर साबणाने हात आणि नखं.

शिकवणं कुठे होतं

‘अ’ जीवनसत्त्व डोळ्यांना, ‘क’ हिरड्यांना, हे पाठ होतं आणि ताटात काही बदलत नाही. मुलाला आपल्या खाण्यात काय कमी आहे ते स्वतः दिसलं पाहिजे. पण कोणाच्या घरी काल काय शिजलं हे वर्गात विचारायचं नाही. ज्याच्या घरी भाकरी-मिरचीच होती ते मूल खोटं सांगतं किंवा गप्प बसतं, आणि दोन्ही वाईट.

त्याऐवजी झाकणाला चीर पाडलेले सहा डबे, प्रत्येकावर चित्र: धान्य; डाळ-कडधान्य; हिरवी पालेभाजी; इतर भाजी आणि फळ; दूध, अंडी, मांस-मासे; तेल, तूप, शेंगदाणे. डबे दारामागे ठेवायचे. प्रत्येक मुलाच्या हातात सहा चिंचोके. काल दिवसभरात जे पोटात गेलं त्या त्या डब्यात एक-एक टाकायचा, उरलेले येताना पिशवीत टाकायचे. कोणी काय टाकलं ते कोणालाच कळत नाही. मग डबे सगळ्यांसमोर ओतून मोजायचे. पहिल्या डब्यात जवळजवळ सगळ्यांचे चिंचोके असतात. तिसरा डबा ओतला की ढीग किती लहान आहे ते पहिलीच्या मुलालाही न सांगता दिसतं. आकडे तक्त्यावर लिहायचे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. मंगळवार-शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी एकदा आणि एरवी एकदा मोजलं तर बागेने काय बदललं ते मुलांना स्वतःच वाचता येतं.

गणिताला तर ही बाग फारच उपयोगी आहे. ताणकाट्यावर कापणीचं वजन, निवडल्यानंतरचं वजन, दोन्हींची वजाबाकी, भागिले ६०. चौथीला हे ग्रॅममध्ये जमतं, पाचवीला अपूर्णांकात. जेवणानंतर टाकलेल्या अन्नाची बादली रोज तोलावी. खरी परीक्षा तिथे आहे: मंगळवारी बादली जड झाली तर भाजी बागेतून थेट बादलीत गेली.

कामाची वाटणी पहिल्याच दिवशी लक्ष देऊन करावी. सोडून दिलं तर खोदणं मुलांकडे आणि निवडणं मुलींकडे आपोआप जातं, आणि ठरावीक घरांतल्या मुलांच्याच वाट्याला शेण येतं. गट पटाच्या क्रमाने पाडावेत आणि प्रत्येक काम फिरत राहावं. आणि शिक्षा म्हणून खुरपणी कधीच लावू नये.

सुट्ट्या, शेळ्या, बदल्या

दिवाळीच्या सुट्टीच्या पाच आठवडे आधी पेरण्या थांबवायच्या, म्हणजे सुट्टी लागायच्या दिवशी वाफे रिकामे असतात आणि त्यांवर वाळक्या पाल्याचं आच्छादन टाकता येतं. रोपं वाळण्यापेक्षा रिकामी माती बरी. सुट्टीत तगून राहतात ती कुंपणालगतची: शेवगा, कढीपत्ता, मायाळू, आळ्यातली पपई. शेवगा छातीइतका वाढला की शेंडा खुडायचा. नाहीतर तो सरळ वर जातो आणि पाला मुलांच्या हाताबाहेर. उन्हाळ्यात पाणी संपलं की बागेचा हट्ट सोडावा आणि मटकीला मोड आणावेत. कडधान्य शाळेत असतंच, आणि मोड आल्याने ‘क’ जीवनसत्त्व वाढतं.

कुंपण ४० मीटरचं, चार फूट उंच. बांबूला जुन्या साड्या दुहेरी बांधून आणि तळाशी बाभळीच्या फांद्या लावून ते निभतं. शेळी बहुतेक वेळा कुंपण ओलांडून येत नाही, उघड्या फाटकातून येते. फाटक आपोआप मिटावं म्हणून त्याला दोरीने वजन बांधावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांना हिवाळ्यातली बाग मिळत नाही. त्यांच्या घराजवळ पावसाळ्यातच शेवगा लावून द्यावा, तो पाठीमागे जगतो. बाकीच्या मुलांनाही घरी वाफा करायला सांगू नये. सांडपाण्याच्या जागेजवळ लावायला मायाळूची कांडी किंवा पपईचं रोप द्यावं, इतकंच.

शिक्षकाची बदली झाली की बाग थांबते, हे ठरलेलंच. यावर एकच कामाची गोष्ट: वाफ्यांची वही. वाफा क्रमांक, काय पेरलं, कधी, किती बी, कापणीचं वजन, काय बिघडलं. ही वही पाचवीच्या मुलांनी लिहायची आणि ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दर महिन्याला वाचायची.

बी विकत घेणं टाळायचं असेल तर फेब्रुवारीत एका कोपऱ्यातली मेथी आणि त्यानंतर पेरलेल्या एका वाफ्यातला तांदुळजा कापायचा नाही. कणसं आणि शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, सावलीत चोळून पाखडायच्या, राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायच्या, बरणीवर महिना लिहून. शाळा उघडल्या उघडल्या २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. आठवडाभरात १५ किंवा जास्त उगवल्या तर नेहमीचं प्रमाण. १० ते १४ उगवल्या तर बी दीडपट ते दुप्पट टाकावं. त्याहून कमी उगवल्या तर ते बी वापरू नये, नवं आणावं.